तिसरी तारीख

ज्या माणसाचा मी सूड घेतला, तो आमच्या कारखान्यात क्वालिटीचा साहेब होता. त्याचं नाव इथं लिहीत नाही. भीती म्हणून नव्हे. नाव लिहिलं की माणसाला घरदार येतं, बायको-पोरं येतात, आणि रागाला आडकाठी होते. तोंडावर मी त्याला अहो-जाहोच करायचो. मनात मात्र तो कायम ‘तो’च राहिला, आणि इथंही तसाच राहील.

कारखाना चिकलठाण्याच्या एमआयडीसीत. स्कूटरच्या गिअरबॉक्समध्ये बसणारे शाफ्ट आमच्याकडं तयार व्हायचे आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला, वाळूजच्या एका मोठ्या कारखान्यात जायचे. मी तिथं कॉम्प्युटर ऑपरेटर होतो. माझं गाव करमाडच्या पुढं, जालना रोडवरून आत. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. वडील तेव्हाही दिवाळी झाली की कळप घेऊन बाहेर पडायचे. मी शहरात खोली करून बी.कॉम. झालो, क्रांती चौकाजवळच्या एका क्लासात कॉम्प्युटर शिकलो आणि आमच्या भावकीतला पहिला एसीत बसणारा माणूस झालो. खरं तर एसी माणसांसाठी नव्हता, मशीनसाठी होता. चपला बाहेर काढून आत जावं लागायचं.

हे मशीन म्हणजे युनिक्स नावाच्या सिस्टिमवर चालणारा कॉम्प्युटर. एक मोठी पेटी आणि तिला जोडलेले सात टर्मिनल, कारखान्यात ठिकठिकाणी ठेवलेले. तपासणीच्या टेबलावर शाफ्टचा कडकपणा मोजायचे, आकडे हातानं रजिस्टरात लिहायचे, आणि ते रजिस्टर बघून आम्ही मशीनमध्ये भरायचो. आम्ही म्हणजे दोघं. माझ्यासोबत एक बाई होत्या, माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठ्या. मी त्यांना ताई म्हणायचो. त्या विद्यापीठाकडच्या वस्तीत राहायच्या. नामांतराच्या पहिल्या दंगलीत त्यांच्या मामाचं खेड्यातलं घर जाळलं होतं, आणि तेव्हापासून ताई एकही मोर्चा चुकवत नव्हत्या. कामावर मात्र त्यावर बोलायच्या नाहीत. बोलायची सोयच नव्हती. जेवणाच्या सुट्टीत नामांतराचा विषय निघाला की टेबलं आपोआप वेगळी व्हायची.

दर रविवारी मी एकटा येऊन अख्ख्या मशीनचा बॅकअप, म्हणजे सगळ्या फाइलींची नक्कल, घ्यायचो. जाड कॅसेटसारखी एक टेप असायची. ती घालायची, हुकूम द्यायचा, दीड-दोन तास थांबायचं, टेप काढून कपाटात ठेवायची.

इथं थोडं कामाचं सांगावं लागेल, कारण त्याच्यावरच सगळं उभं आहे. युनिक्समध्ये प्रत्येक फाइलीला तीन तारखा असतात. पहिली, आतला मजकूर शेवटचा कधी लिहिला त्याची. दुसरी, ती फाइल शेवटची कधी वाचली त्याची. तिसरी असते फाइलीच्या नोंदीची. फाइलीत किंवा तिच्या नोंदीत काहीही हललं, की मशीन स्वतः ती तिसरी तारीख टाकतं. पहिल्या दोन तारखा कुणीही साध्या हुकमानं मागंपुढं करू शकतो. तिसरीला हात लावता येत नाही.

आता आमच्या मशीनवर एक झाडलोटीचा प्रोग्रॅम होता. तीन महिन्यांत कुणी वाचली नाही अशी फाइल तो काढून टाकायचा. पण बॅकअप दर रविवारी सगळ्याच फाइली वाचायचा, त्यामुळं सगळ्यांचीच दुसरी तारीख ताजी व्हायची आणि झाडलोट काहीच होत नव्हती. म्हणून मशीन पुरवणाऱ्या कंपनीचा माणूस येऊन बॅकअपच्या हुकमात एक अक्षर वाढवून गेला. त्या अक्षरानं एवढंच व्हायचं, की बॅकअप फाइल वाचून झाली की तिची वाचल्याची तारीख पुन्हा होती तशी करून ठेवायचा. झाडलोट सुरू झाली, सगळे खूश. पण जुनी तारीख परत बसवणं म्हणजे नोंदीत ढवळाढवळच, आणि तिची दखल मशीन तिसऱ्या तारखेत घेत होतं. म्हणजे दर रविवारी माझ्या हातून कारखान्यातल्या एकूण एक फाइलीची तिसरी तारीख बदलत होती, आणि हे ना त्या माणसाच्या ध्यानात आलं, ना माझ्या.

नामांतराचा निर्णय तोंडावर आला होता ते दिवस. शहरात रोज नवी अफवा. त्या आठवड्यात शुक्रवारी-शनिवारी सगळं बंद पडलं. करमाडहून एसटी नाही, ताईंच्या वस्तीबाहेर पोलिसांची गाडी. मी आदल्या दिवशी शहरातल्या खोलीवरून गावाकडं गेलेलो, तिथंच अडकलो; ताई घरात. रविवारी जरा निवळलं तेव्हा मी कसाबसा टेम्पोत बसून आलो, बॅकअप घेतला, परत गेलो. सोमवारी माल वाळूजला गेला. बुधवारी तो जसाच्या तसा परत आला. त्यांनी उतरवून घेताना तपासला तर शाफ्ट नरम. आमच्या टेबलावरच्या रजिस्टरातही आकडे कमीच होते. मशीनमध्ये मात्र सगळे झकास, आणि त्याच आकड्यांवर सर्टिफिकेट छापून साहेबानं सही केली होती.

गुरुवारी पुण्याहून एक इंजिनिअर बोलावला. हुशार माणूस होता, आजही मी त्याला हुशारच म्हणेन. त्यानं ती एक फाइल उघडली. पहिली तारीख शुक्रवारची, दुपारची. तिसरी रविवारची, सकाळी अकराची. तो म्हणाला, पहिली तारीख खोटी करता येते, तिसरी नाही. म्हणजे हे आकडे रविवारी भरलेत, आणि शुक्रवारी भरले असं दाखवायला तारीख मागं नेलीय. रविवारी कोण होतं?

रविवारी मी होतो. गेटच्या वहीत माझीच सही होती.

सगळं कसं चपखल बसलं ते बघा. ऑपरेटर दोन दिवस गैरहजर. काम तुंबलेलं. रविवारी आला, रजिस्टर न बघता मनानं आकडे ठोकले, आणि आपल्यावर येऊ नये म्हणून आपण नव्हतो त्या दिवसाची तारीख टाकली. इंजिनिअरनं हे सगळं इंग्रजीत दोन पानांवर लिहून दिलं. क्वालिटीचा साहेब शेजारी उभा होता. मी त्याच्या तोंडाकडं बघत होतो. शुक्रवारी तो कारखान्यात होता हे मला तेव्हा माहीत नव्हतं. त्याला तर माहीतच होतं. ते आकडे त्यानं स्वतःच्या हातानं भरले होते, सोमवारची गाडी चुकू नये म्हणून. त्यानं चष्मा पुसला आणि म्हणाला, मेंढरं मोजता मोजता आकडे शिकलेल्या माणसाला मशीनवर बसवलं की हेच होणार.

चौकशी होईपर्यंत मला पॅकिंगला पाठवलं. एसीच्या खोलीची किल्ली काढून घेतली. गेटवरचा पहारेकरी, जो रोज माझ्याशी गप्पा मारायचा, तो मान खाली घालून म्हणाला, “डब्बा खोलना पडता भाई, ऊपर से बोले हैं.” रोज माझा डबा उघडला जायचा, रोज भाकरी उचलून बघितली जायची.

हे सगळं मी गिळलं असतं. पण गावात कुणीतरी सांगितलं, आणि वडील कळप भावाच्या हवाली करून कारखान्याच्या गेटवर आले. पटका, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. मला न सांगता आले. मी पॅकिंगच्या शेडमधून बघितलं तेव्हा साहेबाची गाडी गेटातून बाहेर पडत होती आणि वडील तिच्या काचेपाशी वाकून हात जोडत होते. मी धावलो, पण पोचेपर्यंत उशीर झाला होता. साहेब काच खाली करून म्हणाला, “घेऊन जा ह्याला गावाकडं. मेंढरांना तारीख लागत नाही.” आणि गाडी गेली. वडील मला म्हणाले, “मानूस बोलला तरी. काच तरी खाली केली.”

त्या क्षणी माझ्या आत जे बसलं ते नंतर कधी उठलंच नाही.

सुट्टीच्या दिवशी मी मुकुंदवाडीतल्या खोलीच्या गच्चीवर बसून युनिक्सचं जाडजूड पुस्तक वाचून काढलं. ताईंनी ते मला पिशवीतून, वर भाजी ठेवून, बाहेर आणून दिलं होतं. बॅकअपच्या पानावर त्या एका अक्षराचा खुलासा होता आणि खाली बारीक टाइपात एक ओळ. ती ओळ मी पाच-सहा वेळा वाचली. दुसऱ्या दिवशी ताईंना म्हणालो, ती एकच फाइल बघू नका, सगळ्या फाइलींच्या तिसऱ्या तारखा छापा. ताईंनी छापल्या. चौदा पानं निघाली. त्या रविवारनंतर बॅकअप कुणी घेतलाच नव्हता, आणि वरपासून खालपर्यंत सगळीकडं तोच रविवार. सकाळी साडेदहा ते बारा, फाइलीमागून फाइल, बॅकअपनं वाचल्या त्याच क्रमानं.

ती पानं घेऊन मी थेट मोठ्या साहेबांकडं गेलो, म्हणजे कारखान्याच्या मॅनेजरांकडं. ते म्हातारे होते आणि माणूस बरा होता. दोन वर्षांपूर्वी त्यांनी एक पत्र मशीनवर लिहून घेतलं होतं. मी म्हणालो, साहेब, या हिशेबानं तुमचं पत्रसुद्धा मी रविवारी अकरा वाजता लिहिलंय. मग त्यांच्यासमोर एक फाइल बनवली, तिचा बॅकअप घेतला आणि तारखा दाखवल्या. तिसरी बदललेली, पहिली जिथल्या तिथं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं आणि गेटची शुक्रवारची वही मागवली. त्यात ऑफिसातल्या एकाच माणसाची सही होती.

मला वाटलं, आता न्याय होईल. मोठ्या साहेबांनी क्वालिटीच्या साहेबाला आत बोलावलं, मलाही थांबवलं. सगळं पुन्हा सांगितलं. तो म्हणाला, बंदच्या गडबडीत नजरचूक झाली असेल. मोठे साहेब म्हणाले, बरं, झालं ते झालं, वाळूजवाल्यांना दुसरा माल गेलाय, कागद वाढवायला नकोत. मला म्हणाले, तू उद्यापासून तुझ्या जागेवर. बस. कुणी कुणाची माफी मागितली नाही. माझ्या निर्दोषपणाचा एक ओळीचा कागद निघाला नाही. इंजिनिअरची दोन पानं मात्र फाइलीत तशीच राहिली. बाहेर पडताना मी साहेबाच्या मागोमाग होतो. त्यानं दार माझ्यासाठी धरलंसुद्धा नाही, ते माझ्या अंगावर आलं.

त्यानंतरचं वर्ष मी कसं काढलं ते मलाच ठाऊक. विद्यापीठाच्या दरवाजावर नवं नाव लागलं. ताई पेढे घेऊन आल्या. माझ्या टेबलावर ठेवताना त्यांचे डोळे भरलेले होते. त्यांनी साहेबाच्या टेबलावरही पेढा ठेवला. त्यानं तो कागदासकट बाजूला सारला. ताई हसून परत आल्या. मी म्हणालो, राग येत नाही का? त्या म्हणाल्या, आज नाही येत. मला मात्र तो रोज यायचा. त्याच्या बुटांचा आवाज आला की माझे जबडे आवळले जायचे. मी काही करत नव्हतो, डाव आखत नव्हतो. फक्त वाट बघत होतो, आणि वाट बघायला मी मेंढरांमागं शिकलेलो होतो.

मोठे साहेब निवृत्त झाले. नवे मॅनेजर आले, तरुण, कागदावर विश्वास ठेवणारे. ताईंना रविवारी घरची कामं असायची, म्हणून बॅकअप आम्ही शनिवारी दुपारी घ्यायला लागलो. क्वालिटीच्या साहेबाला दुसरीकडं, वाळूजला, मोठ्या जागेची नोकरी मिळाली आणि त्यानं राजीनामा दिला. राजीनाम्याच्या मुदतीतल्या शेवटच्या शनिवारी तो आपले कागद आवरायला आला होता. मी तीनला बॅकअप लावला आणि चहाला गेलो.

पुढच्या आठवड्यात नव्या मॅनेजरांना दिसलं, की तपासणीच्या मर्यादांच्या फाइलीत कडकपणाची एक मर्यादा खाली आणलेली आहे, म्हणजे नरम मालही पास होईल. ती जुन्या मोठ्या साहेबांनीच सहा महिन्यांपूर्वी तोंडी सांगून खाली आणवली होती. हे ताईंना माहीत होतं आणि मला माहीत होतं, कारण भरली आम्हीच होती. पण त्याचा कागद नव्हता. नव्या मॅनेजरांनी कपाटातली जुनी कागदांची फाइल काढली, त्यात त्यांना इंजिनिअरची दोन पानं सापडली. त्यांनी लगेच मशीनवर तीच तपासणी केली. पहिली तारीख सहा महिन्यांपूर्वीची, तिसरी शनिवारची, दुपारी तीन वाजून दहा मिनिटांची. शनिवारी तीन वाजता टर्मिनलवर कोण होतं? मी चहाला गेलेलो, आणि गेटच्या वहीत साहेबाची सही होती.

गुरुवारी मला केबिनमध्ये बोलावलं. साहेब तिथं बसलेला होता. घाम आलेला. मॅनेजरांनी मला विचारलं, ही तिसरी तारीख कुणाला मागंपुढं करता येते का?

“नाही साहेब,” मी म्हणालो. “ती कुणालाच बदलता येत नाही.”

हे अक्षरशः खरं होतं. खोटं बोलायची मला गरजच पडली नाही.

तेव्हा तो माझ्याकडं वळला. वर्षभरात पहिल्यांदा त्यानं माझ्या डोळ्यांत बघितलं. मॅनेजरांना म्हणाला, मागं असंच झालं होतं, याच्यावर आळ आला होता, आणि यानं काहीतरी दाखवलं होतं. बॅकअपचं काहीतरी होतं. मला त्यातलं कळत नाही, पण याला माहीत आहे. मग मला म्हणाला, “सांगा ना यांना. तुम्ही दाखवलं होतं ना तेव्हा.”

मला तो ‘तुम्ही’ म्हणाला. मी ते ऐकलं, आणि मला खूप बरं वाटलं.

“ते प्रकरण वेगळं होतं साहेब,” मी म्हणालो.

एवढंच. मॅनेजरांनी मान हलवली आणि मला जायला सांगितलं. दार हळू लावून मी खोलीत येऊन बसलो.  त्याला त्याच दिवशी अनुभवाचा दाखला न देता सोडलं. वाळूजच्या लोकांनी फोन करून विचारपूस केली, त्यांना जे सांगायचं ते मॅनेजरांनी सांगितलं, आणि ती नोकरी गेली. त्याच्या भावांची दौलताबादला पेरूची बाग होती. तो तिकडं गेला असं नंतर कळलं.

रविवारी मी गावाकडं गेलो. वडील मेंढरं कोंडायच्या जाळीपाशी, वाघरापाशी, बसून लोकर पिंजत होते. मी त्यांना सगळं सांगितलं, अगदी काच खाली केली तिथपासून. मला वाटलं होतं ते काठी आपटतील, निदान हुंकार तरी देतील. ते ऐकत राहिले आणि मग म्हणाले, “कोन साहेब?” मी पुन्हा सांगितलं. गेट, गाडी, हात जोडलेले. ते म्हणाले, “आसंल. लई जन बोलत्यात, किती ध्यानात ठिवायचं.” आणि पुन्हा लोकर पिंजायला लागले.  मला त्यांचा राग आला, हे इथं कबूल करतो.

सोमवारी ताई चार दिवसांच्या रजेवरून कामावर आल्या तेव्हा त्यांना कारखान्यातून सगळं कळलेलं होतं. त्यांनी दार लावून घेतलं.

“तुला माहीत होतं की बॅकअपनं तारीख बदलली.”

“व्हय.”

“आणि मर्यादा कुणी सांगितली होती तेही.”

“व्हय. तुम्ही विसरलात का ताई, त्यानं काय केलं होतं?”

त्या म्हणाल्या, काहीच विसरले नाही. मग खुर्चीवर बसून, आवाज न चढवता म्हणाल्या, “मामाचं घर जाळलं तेव्हा जाळणारे दहा-पंधरा होते, भाऊ. सगळा गाव बघत होता. पोलीस आल्यावर कुणालाच काही माहीत नव्हतं.”

मी म्हणालो, ती गोष्ट आणि ही गोष्ट एक नाही. त्या मशीनवर बसल्या, सगळ्या फाइलींच्या तिसऱ्या तारखा छापल्या आणि पानांची गुंडाळी घेऊन मॅनेजरांच्या केबिनमध्ये गेल्या. मी त्यांना अडवलं नाही. नोकरी जाईल असं वाटत होतं, तरी अडवलं नाही. वीस मिनिटांनी त्या रिकाम्या हातानं परत आल्या. मॅनेजरांनी ऐकून घेतलं, पानं खणात ठेवली, आणि म्हणाले, माणूस आता गेलेला आहे, वाळूजला मी एकदा सांगितलेलं आता फिरवू कसं? माझ्याबद्दल त्यांनी काही विचारलं नाही. ताईंनीही माझं नाव घेतलं नव्हतं.

महिनाभरानं ताईंनी स्टोअरला बदली मागून घेतली. जाताना सगळं नीट समजावून, किल्ल्या मोजून दिल्या. दिसल्या की बोलायच्या, घरचं विचारायच्या. पण जेवायला माझ्या टेबलावर पुन्हा आल्या नाहीत. ती जागा बरेच दिवस कुणी घेतलीही नाही.

पुढं चार वर्षं मी त्याच खोलीत होतो. नवे मॅनेजर मला फार मानायचे. तारखांचा प्रश्न आला की मलाच विचारायचे, आणि त्यांना मी नेहमी पुरतं खरं सांगितलं, बॅकअपचं सुद्धा. दुसऱ्या कुणाला मी तसं अडकू दिलं असतं असं मला वाटत नाही. ताईंचं म्हणणं मला तेव्हाही कळलं होतं, आजही कळतं. पण आज तो माणूस त्या केबिनमध्ये बसून मला ‘तुम्ही’ म्हणाला, तरी मी त्याला तेच उत्तर देईन.